आक्काच्या घराचं शिलंगण

मी घर बघायला गेले तेव्हा घरमालकीण घराखाली होती. अगदी अक्षरशः खाली. पाठीवर उताणी, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, एका हातात तारेचा ब्रश. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे पाय. आष्टीच्या शाळेत नवी नवी नोकरी लागलेली, अंगावर इस्त्रीची साडी, आणि मी त्या पायांनाच विचारलं की खोली भाड्यानं द्यायचीय म्हणून ऐकलं ते इथंच का.  खालून आवाज आला, "खोली हाय. पन आधी खाली या. घर खालून बघायचं असतंय."

मी अंबाजोगाईची. शिकल्यासवरल्यांचं गाव म्हणून आम्हाला जरा जास्तच तोरा. पण त्या गावात राहायला दुसरी जागा मिळत नव्हती, तेव्हा अडला हरी म्हणतात तसं पदर सावरून मी उकिडवी बसले. तिनं एक छोटा गोल आरसा उन्हात धरला आणि त्याची तिरीप घराच्या तळावरून फिरवत एकेक गोष्ट दाखवली. हा आक्सल, चाकांचा कणा; हे पाटे, वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या; ही चासी, सगळ्याचा सांगाडा. कुठं गंज दिसतोय का सांगा, म्हणाली. मला तेव्हा गंज आणि तांबडा रंग यातला फरक कळत नव्हता. मी आपलं "नाही" म्हटलं. त्या एका "नाही"वर मला खोली मिळाली. खोली आतून कशी आहे हे मी सामान घेऊन आले त्याच दिवशी पाहिलं.

ते घर म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा डबा होता. धरणाच्या कामावर साहेब लोकांना राहायला असे डबे असत. ओढून नेतील तिथं बिऱ्हाड. काम संपलं, डबे लिलावात निघाले आणि घरमालकिणीच्या, म्हणजे आक्काच्या, नवऱ्यानं त्यातला एक घेतला. त्याचा कटलरीचा धंदा. कटलरी म्हणजे आमच्याकडे बांगड्या, टिकल्या, रिबिनी, आरसे, सेफ्टी पिना, बाळाच्या कमरेचा करगोटा, सगळं आलं. आष्टी, कडा आणि आसपासचे आठवडी बाजार दोघं नवराबायको जीपला हा डबा जोडून करायचे. पुढं दुकान, मागं झोपायची जागा. नवरा गेला, जीप दिरानं विकली आणि डबा कुणालाच नको होता म्हणून तो आक्काकडे राहिला. मी गेले तेव्हा तो बाजारतळाच्या कोपऱ्यावर उभा होता. पुढच्या अर्ध्यात आक्का, तिचा स्टो, पाण्याचा भलामोठा रांजण आणि दुकानाची खिडकी. मागच्या अर्ध्यात मी.

गाव तिला चाकावरची आक्का म्हणायचं. जातीनं लिंगायत वाणी. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय चहाचं नाव नाही, आणि पूजा झाली की लगेच घराखाली. अंगानं किरकोळ, आवाज मात्र बाजारभर पोचणारा. घराच्या भिंतींचा रंग उडालेला, छताचा पत्रा वाजायचा, दाराची कडी लोंबत होती, त्याचं तिला काही नव्हतं. तळ तेवढा लखलखीत. पाहुणा येवो, गिऱ्हाईक येवो, पोस्टमन येवो, आधी खाली वाकून तळ बघायचा, मग बाकीचं बोलणं. पोस्टमनच्या गुडघ्यांना ते झेपेना, म्हणून तो माझी पत्रं समोरच्या एसटीडी बूथवाल्याकडे ठेवून पळायचा.

सुरुवातीला मला वाटलं, एकट्या बाईचा हा रिकामा उद्योग आहे. खरं कारण पुढं तिनंच सांगितलं. दिराचा आडतीचा धंदा, गावात नाव, आणि वहिनी बाजारतळावर गाडीत राहते म्हणून चारचौघांत मान खाली. त्यानं फार पूर्वी एकदा अर्ज केला होता की हे अतिक्रमण उठवा. तेव्हाचे तहसीलदार स्वतः आले, डब्याभोवती फिरले, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हलतंय तोवर ही गाडी. ज्या दिवशी हलायची नाही त्या दिवशी अतिक्रमण." साहेब बोलून गेले, पुढं बदलून गेले, कदाचित जगातूनही गेले असतील. आक्कासाठी मात्र तो कायदा होता. आणि गाडी हलेनाशी झाली की दिराच्या घरी परत जाण्याखेरीज तिला दुसरी वाट नव्हती.

दिराच्या घरी काय वाईट होतं, असं मी एकदा विचारलं. धान्याच्या कोठीमागची खोली तिला दिली होती. कुणी हाकललं नव्हतं, कुणी टाकून बोललं नव्हतं. मग निघालात कशाला? आक्का टिकल्यांची पाकिटं लावत होती, ती लावता लावताच म्हणाली, "लई दिवस ऱ्हायले तिथं. आज भाजी कंची करायची, येवढं बी कुनी इचारलं न्हाई मला. ताट यायचं." एवढंच बोलून तिनं पाकिटांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि दोरा बांधायला सांगितलं.

गाडी गाडीच राहायला हवी, तेव्हा घराची आणि जमिनीची कसलीही सोयरीक होऊ द्यायची नाही, असा आमच्याकडे दंडक होता. चाकं आणि पुढच्या, ओढायच्या दांड्याखालचा दगड सोडून काहीही भुईला टेकता कामा नये. दारापुढं ओटा नाही. तुळस डालड्याच्या डब्यात, आणि डबा खिडकीला टांगलेला. नळ घेतला की पाईप जमिनीत जाणार, मग गाडी खुंट्याला बांधल्यासारखीच, म्हणून नळ नाही. हापशावरून आणलेलं पाणी रांजणात. लिंबाचं झाड हाकेच्या अंतरावर होतं, पण त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालायची सोय नव्हती, कारण बांधलं ते बांधलं. माझ्या साड्या डब्याच्या या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत वाळायच्या आणि आज बाईंनी कोणती साडी नेसली नाही हे सगळ्या बाजाराला कळायचं. त्याच वर्षांत गावात केबल आली. घराघरावर वायरींची जाळी झाली, माझ्या वर्गातल्या मुली मालिकांच्या गोष्टी सांगू लागल्या, आणि केबलवाला आमच्या दारात फुकट जोडणी घेऊन उभा राहिला. आक्कानं त्याला आधी तळ दाखवला, मग चहा दिला आणि परत पाठवलं. मी त्या दिवशी जेवले नाही. तिनं माझ्या वाटची भाकरी कुत्र्याला घातली आणि कुत्र्यालाच सांगितलं की मास्तरीणबाईंना राग लई.

तळ बघायची खोड गाडीपुरती असती तर मी काही म्हटलं नसतं. ती पातेलं विकत घेताना आत बघायची नाही, उलटं करून बघायची. टोमॅटोच्या टोपलीत तळाशी हात घालायची, भाजीवाल्या तिला लांबून पाहूनच टोपल्या झाकायच्या. आणि एकदा तर माझं स्थळ आलं. मुलगा, त्याचे वडील, मामा असे आमच्या डब्यापाशी येऊन उभे राहिले. आक्कानं रिवाजाप्रमाणे सगळ्यांना खाली वाकायला लावलं. वडिलांनी साफ नकार दिला. मुलगा बिचारा वाकला आणि उठताना त्याचं डोकं दांड्यावर आपटलं. मंडळी आत पोहे खात असताना ही बाहेर त्यांच्या चपला उलट्या करून बघत होती. ते गेल्यावर मला म्हणाली, "पोरगा चांगला हाय. पन टाच समदी एका अंगानं झिजलीय. कलून चालनारा मानूस संसार बी कलूनच वढतो." मला हसू आवरेना. नकार शेवटी त्यांच्याकडूनच आला, कारण मुलगी घरात राहत नाही, गाडीत राहते. पुढं ज्या गृहस्थांशी माझं लग्न झालं, त्यांची चप्पल आक्कानं पास केली होती. चप्पल त्यांची सरळ झिजते हे खरं. माणूस आडमुठा निघाला, पण ते टाचेवर उमटत नसावं.

गंजावर तिनं काय काय थापलं नाही विचारा. जळकं ऑईल लावलं, त्यावर बाजारची सगळी धूळ येऊन बसली. रस्त्याच्या कामावरून डांबर आणून फासलं, ते उन्हाळ्यात पाझरायला लागलं आणि सावलीला खाली निजलेल्या कुत्र्यांच्या पाठीवर काळे ठिपके पडले. आष्टीत ठिपक्यांचं कुत्रं दिसलं की ते आमचं, असं लोक म्हणायचे. मग कुणा म्हाताऱ्या गवंड्यानं तिला सांगितलं की निजामाच्या वेळचा तो ओढ्यावरचा पूल गुळाच्या पाण्यात मुरवलेल्या चुन्यात बांधलाय, म्हणून अजून हलत नाही. झालं. जे पुलाला धरतं ते चासीला का धरणार नाही, असा आक्कानं हिशेब केला. एवढा गूळ परवडणार कुठला, तेव्हा कड्याच्या साखर कारखान्यावर ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडून तिनं मळी मागवली, तीत चुना भिजवला आणि सगळ्या तळाला लेप दिला. वाळल्यावर दिसायला सुरेख दिसत होता, खोटं कशाला बोलू. गावभर बोलावणी गेली.

पुढच्याच बाजारच्या दिवशी दुपारी मी जरा आडवी झाले होते. एकाएकी घर डुलायला लागलं. मराठवाड्यात भूकंप होऊन गेल्यानंतरचे ते दिवस, भांडं पडलं तरी माणसं रस्त्यावर यायची. मी केस मोकळे सोडलेले तशी ओरडत बाहेर पळाले. बाहेर सगळा बाजार पोट धरून हसत उभा होता. आमच्या घराखाली बाजारातले बैल माना घालून तो लेप चाटत होते, आणि एक म्हैस चाटून झाल्यावर आक्सलला मान घासत होती, त्यानं घर हलत होतं. जनावरं हाकलली तर मागून मुंगळे आले. फळ्यांच्या फटींतून ते माझ्या अंथरुणात शिरले आणि मी चार दिवस टेबलावर बसून झोपले. आक्काला मी वाट्टेल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जनावराला आवडला म्हणजे माल चांगलाच होता, लोखंडाला पचला न्हाई.

त्यानंतर मात्र तिनं कायमचा बंदोबस्त करायचा ठरवला. सगळ्या तळाला खालून पत्रा मारून घेतला. सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर डांबर, वर काळा रंग. मुंगीला शिरायला जागा नाही, जिभेला चाटायला काही नाही. आरशाची तिरीप फिरवली की तो तळ आरशासारखाच चमकायचा. बोटभर फट न्हाई कुठं, असं ती येईल त्याला सांगायची आणि त्याचं बोट धरून सांध्यांवरून फिरवायची. आता घासायचं काही उरलं नाही म्हणून तिला सकाळी करमेना, तरी ती सवयीनं खाली जाऊन पडायचीच.

आणि दर दसऱ्याला आमचं घर शिलंगणाला जायचं. इतरांच्या घरातली माणसं शिवेवर जाऊन आपट्याची पानं घेऊन येतात. आमच्याकडे घरच जायचं. सकाळी चाकं धुवायची, बेरिंगात ग्रीस भरायचं, दांड्याला झेंडूची माळ. आतल्या बांगड्या लुगड्यात बांधायच्या, रांजण रिकामा करायचा, देव आणि स्टो मी मांडीवर घेऊन बसायचे. कारखान्याचा तोच ट्रॅक्टरवाला हंगाम सुरू व्हायच्या आधी येऊन दांडा जोडायचा. कड्याच्या रस्त्यानं ओढा ओलांडून गावची शीव, शिवेपलीकडे वळसा, आणि परत येऊन चाकं बरोबर पहिल्या खुणांवर. वाटेत लोक खिडकीतून आक्काच्या हातावर सोनं ठेवायचे. घर हलतं, हे सगळ्या गावाला वर्षातून एकदा दाखवून व्हायचं.

मग बाजारतळावर गाळे बांधायचं ठरलं. त्या काळात ज्याला त्याला दुकान काढायचं होतं, आणि आक्काचा कोपरा तर ऐन मोक्याचा. दिराला तिथं टीव्ही-फ्रिजचं दुकान टाकायचं होतं. त्यानं पुन्हा अर्ज केला. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. वहिनी घरी येईल आणि कोपरा मोकळा होईल, दोन्ही गोष्टी त्याला मनापासून हव्या होत्या. नवे नायब तहसीलदार आले, तरुण आणि बोलायला मऊ. त्यांनी आक्काचा कायदा ऐकून घेतला, हसले आणि म्हणाले की शिलंगणाला मी येणारच आहे, तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघतो. गाडी शिवेपर्यंत जाऊन आली तर गाडी म्हणून बाजारतळाच्या दुसऱ्या टोकाला जागा देतो. वाटेत बसली तर मला ती मोडीत काढावी लागेल. आक्का म्हणाली, "या की. खाली वाकून बी बघा." ते वाकले आणि त्या काळ्या चमकत्या तळाकडे बघून खरंच चकित झाले.

दसरा चार-सहा दिवसांवर आलेला. सकाळी मी पाणी घ्यायला पुढच्या खोलीत गेले तर रांजण कललेला. हात लावला तर आणखी कलला. आक्कानं पायाच्या अंगठ्यानं फळी दाबली आणि अंगठा आत गेला, भिजल्या भाकरीत जावा तसा.  ती खाली गेली, उताणी पडली आणि तिथल्या पत्र्याचा सांधा उचकटला. काळं पाणी भसकन तिच्या तोंडावर आलं, आणि त्या पाण्याबरोबर चासीच्या लोखंडाचे पापुद्रे. रांजण वर्षानुवर्षं पाझरत होता. आधी ते पाणी फळ्यांतून खाली गळून वाळून जायचं. पत्रा मारल्यापासून त्याला जायला जागाच नव्हती. बाहेरून तळ चमकत होता आणि आत लोखंड कुजत होतं.

आक्का बाहेर आली, चाकाला टेकून बसली. तिचे हात रिकामे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. म्हणाली, "म्या बाहीरचं पानी आडवत बसले, बाई. घरातलंच जिरत व्हतं." मला रडूच फुटलं. मला ती बाई फार आवडायची, तोवर मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, उठली, तारेचा ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाली की रडायचं तर रडा, पण घासता घासता रडा.

मी रजा टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा घराखाली उताणी पडले. डोळ्यांत गंज, तोंडात गंज, आणि शेजारी आक्का मला घासायचं कसं ते शिकवतेय, जणू जन्मात आम्हाला दुसरं काम नव्हतं. कुजलेल्या फळीच्या जागी आमच्या शाळेतला एक मोडका लाकडी फळा हेडबाईंना विचारून आणला. माझ्या लोखंडी खाटेचे अँगल कापून वेल्डरनं खालून जोडले, मी भुईवर झोपायला लागले. उरलेल्या पत्र्याला आक्कानं खिळा आणि दगड घेऊन स्वतः भोकं पाडली. इतक्या हौसेनं बुजवलेल्या तळाला ती ठोकून ठोकून भोकं पाडत होती आणि मला ते बघवत नव्हतं.

वेल्डर कड्याच्या रस्त्याचा, गप्प माणूस. पाटे जिथं चासीला धरतात तिथलं लोखंड त्यानं हातोडीनं वाजवून बघितलं आणि मान हलवली. तिथं नवा तुकडा घालायचा तर सगळं उतरवावं लागणार, तेवढे दिवस हाती नव्हते. "शिवेपातुर जाईल, आक्का," तो म्हणाला. "परत यील असं म्या सांगत न्हाई."

मी म्हटलं, साहेबांकडे जाऊन मुदत मागू, चांगला माणूस आहे, देईल. आक्का ऐकेना. म्हणाली, "मुदत मागायची म्हंजी हलत न्हाई असं म्याच सांगायचं. कावून सांगू?"  मी अंबाजोगाईचं सगळं शिक्षण गुंडाळून ठेवलं आणि ब्रश घेऊन पुन्हा खाली गेले.

दसऱ्याच्या दिवशी वेल्डरनं सांगितलं की वजन कमी ठेवा, आत कुणी बसू नका. मी खाली उतरले, देव आणि स्टो मात्र जागेवरच राहिले, कारण आक्का काही उतरली नाही. घर शिलंगणाला जातंय आणि घरवाली मागून चालत येईल का, असं तिनंच उलट विचारलं. झेंडूची माळ घातली, ट्रॅक्टर जोडला, चाकांनी एकदा कुरकुर केली आणि घर निघालं. मी त्याच्या भिंतीवर हात ठेवून बाजूनं चालत होते. हाताला आतली प्रत्येक कुरबूर कळत होती. मागं नायब तहसीलदारांची जीप, पुढं वाजंत्री, बाजूनं गाव. गर्दीत पांढऱ्या टोपीतला दीरही होता आणि तो माझ्यासारखाच चाकांकडे बघत होता. त्या ट्रॅक्टरवाल्याइतका हळू ट्रॅक्टर चालवणारा मी दुसरा पाहिला नाही. ओढ्याच्या उतारावर घर एका बाजूला झुकलं, सगळी माणसं थांबली, मग ते सावरलं आणि चढ चढून गेलं.

शिवेचा दगड गेला. लोक आपट्याच्या झाडाकडे वळले, वाजंत्री जोरात वाजायला लागली आणि ट्रॅक्टरवाल्यानं परत फिरायला रस्ता सोडून शेजारच्या मुरमाड पडकात वळसा घेतला. अर्धा वळसा झाला आणि लाकूड मोडावं तसा आवाज आला. डाव्या बाजूचे पाटे सुटले आणि घर हळूहळू खाली बसलं, गाय बसते तसं. आत लुगड्यात बांधलेल्या बांगड्या एकदम खळकन फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वाजंत्री थांबली. मी दाराकडे धावले, पण दार वाकड्या चौकटीत अडकलं होतं. आतून आक्काचा आवाज आला, "काय झालं न्हाई मला. दाराला खालून लाथ मारा."

दार उघडलं तेव्हा ती कललेल्या जमिनीवर देव पोटाशी धरून बसली होती. नायब तहसीलदार पुढं आले. त्यांनी घराकडे पाहिलं, मागं शिवेच्या दगडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजी, गाडी शिवेपर्यंत आली. परत काही येणार नाही. पण माझा कागद बाजारतळापुरता आहे आणि बाजारतळ तर मोकळा झाला. इथं माझं काही चालत नाही." पडकाचा मालक तिथंच उभा होता, म्हातारा शेतकरी. त्याच्या लेकीसुनांना बांगड्या आक्काच भरायची. तिथं तसंही काही पिकत नाही, राहू द्या आक्काला, असं तो दुसरीकडे बघत म्हणाला. साहेबांनी आक्काच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि ते निघून गेले. मला काय करावं कळेना, मी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडले. तो बिचारा लाजून झाडाआड गेला.

दिवेलागणीला दीर टेम्पो घेऊन आला. आम्ही फुटलेल्या काचा गोळा करत होतो. तो दाराशी येऊन उभा राहिला. दार आता भुईच्या इतकं जवळ आलं होतं की त्याला वर बघावं लागलं नाही. टोपी त्यानं हातात घेतली होती.

"वैनी," तो म्हणाला, "आता तरी हट्ट सोडा. घरी चला."

आक्कानं हातातल्या काचा डब्यात टाकल्या.

"म्या घरीच हाय की, भावजी. तुमीच बाहीर उबे हायत."

 टेम्पोवाल्यानं गाडी बंद केली, मग पुन्हा सुरू केली, मग पुन्हा बंद केली. आक्कानं स्टो पेटवला, पातेलं एका हातानं धरून ठेवलं, आणि दिराला म्हणाली की या आत, चहा टाकलाय. इतकी वर्षं बाजारतळावरून जाताना त्यानं त्या घराकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. आता त्यानं चपला काढल्या, वाकून आत आला आणि त्या उतरत्या जमिनीवर भिंतीला धरून बसला. आक्कानं त्याच्यापुढं कपबशी केली.

"बशी हातातच धरा," ती म्हणाली. "खाली ठिवली तर घसरंल. टेकू उद्या लावनार हाय."